स्थलांतरितांचे राष्ट्र आणि राजभाषेचा प्रश्न : अमेरिकेतील द्वैभाषिकतेचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राज्यघटना १७८७ मध्ये तयार झाली. राज्यकारभार कोणत्या भाषेत चालावा यासंबंधी या घटनेत एकही कलम नाही. ज्या इंग्रजीत ही घटना लिहिली गेली त्या भाषेला तिने कोणताही दर्जा दिला नाही आणि पुढे सव्वादोनशेहून अधिक वर्षांच्या काळात काँग्रेसनेही तसा कायदा केला नाही. १ मार्च २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाने इंग्रजी प्रथमच संघराज्याच्या पातळीवर राजभाषा म्हणून घोषित झाली. जी भाषा देशात सर्वत्र चालते आणि जिच्यावाचून कोणाचे पान हलत नाही, तिला राजभाषा ठरविण्याची गरज इतक्या उशिरा का भासावी, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने विचारात घेण्याजोगा आहे.

मराठी वाचकाला ‘राजभाषा’ ही संज्ञा भारतीय राज्यघटनेमुळे परिचित आहे. राजभाषा म्हणजे राज्यकारभाराची भाषा. राष्ट्राच्या अस्मितेचे प्रतीक मानली जाणारी भाषा ही वेगळी कल्पना. आपल्याकडे या दोहोंची गल्लत वारंवार होते. अमेरिकेतील वादातही ती होते आणि त्याखेरीज आणखी एक गल्लत होते. शासन नागरिकाशी ज्या भाषेत बोलते ती एक, शाळा मुलाला ज्या भाषेत शिकविते ती दुसरी आणि कुटुंब ज्या भाषेत जगते ती तिसरी. या तीन क्षेत्रांचे नियम वेगवेगळे असतात. एका क्षेत्रासाठी केलेला कायदा दुसऱ्या क्षेत्रातील भीतीपोटी केलेला असतो, असे अमेरिकेच्या इतिहासात अनेकदा दिसते.

प्रस्तुत लेखात या इतिहासाचा आढावा घेऊन एक मुद्दा मांडावयाचा आहे. स्थलांतरित माणूस इंग्रजी शिकतो तो राजभाषेचा कायदा आहे म्हणून नव्हे. पोट, शेजार आणि मुलांचे भवितव्य त्याला ती शिकावयास लावतात. भाषाधोरण ठरविते त्या गोष्टी दोन. इंग्रजी येईपर्यंतच्या काळात त्या माणसाला शाळा, मतदान आणि दवाखाना खऱ्या अर्थाने मिळणार की नाही, ही पहिली. आणि इंग्रजी आल्यानंतर त्याची पहिली भाषा उरणार की नाही, ही दुसरी.

२. घटनेचे मौन

घटनेच्या मौनाचा अर्थ त्या काळी सर्वजण इंग्रजी बोलत होते असा नाही. पेनसिल्व्हेनियात जर्मन भाषकांची वस्ती मोठी होती. स्वातंत्र्याच्या घोषणापत्राचा जर्मन अनुवाद १७७६ च्या जुलैमध्येच फिलाडेल्फियात छापला गेला. क्रांतीचा संदेश जर्मन शेतकऱ्यांपर्यंत पोचविणे ही त्या काळची राजकीय निकड होती.

या वस्तीविषयीची अस्वस्थताही तितकीच जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५१ मध्ये लिहिलेल्या लोकसंख्येविषयीच्या निबंधात, जर्मन लोक आपल्यासारखे होण्याऐवजी आपल्यालाच जर्मन करून सोडतील अशी भीती व्यक्त केली होती. याच फ्रँकलिन यांनी १७३२ मध्ये जर्मन भाषेतील एक वृत्तपत्र काढून पाहिले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे. ग्राहक म्हणून परभाषक हवा, परंतु मतदार म्हणून त्याचे भय वाटावे, ही द्विधा मनःस्थिती पुढेही अनेकदा आढळते.

जॉन अ‍ॅडम्स यांनी १७८० मध्ये इंग्रजीच्या परिष्करणासाठी राष्ट्रीय अकादमी स्थापावी अशी सूचना काँग्रेसला केली. फ्रान्सच्या धर्तीवरील ही कल्पना काँग्रेसने उचलून धरली नाही. भाषेचे नियमन हे राजेशाहीला शोभणारे काम आहे, प्रजासत्ताकाला नाही, अशी भावना तेव्हा प्रबळ होती. प्रमाणीकरणाचे काम मग खाजगी उद्योगातून झाले. नोआ वेब्स्टर यांची शालेय पुस्तके आणि त्यांचा १८२८ चा कोश यांनी अमेरिकन इंग्रजीला जी शिस्त लावली ती कोणत्याही कायद्याने लावलेली नव्हती.

जर्मन भाषा केवळ एका मताने अमेरिकेची राजभाषा होण्याचे हुकले, अशी एक आख्यायिका दीर्घकाळ प्रचारात आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. काही कायदे जर्मनमध्येही छापावेत अशी विनंती व्हर्जिनियातील जर्मन रहिवाशांनी १७९४ मध्ये केली. तिच्यावरील चर्चेत, १७९५ च्या जानेवारीत, कार्यपद्धतीविषयक एका ठरावावर ४१ विरुद्ध ४२ अशी मते पडली. प्रश्न अनुवादाचा होता. इंग्रजीच्या जागी जर्मन आणण्याचा नव्हता. तरीही आख्यायिका टिकली, कारण इंग्रजीचे स्थान एका मताइतके डळमळीत आहे ही भीती तिच्यात सोयीस्करपणे सामावली जाते.

या परंपरेचे साक्षेपी विवेचन हाइन्त्स क्लॉस यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात केले आहे. त्यांनी भाषिक हक्कांचे दोन प्रकार मानले. घरात, खाजगी शाळेत व वृत्तपत्रांत आपली भाषा वापरू देणे हा सहिष्णुतेचा हक्क आणि शासनाने स्वतः त्या भाषेचा वापर करणे हा संवर्धनाचा हक्क. अमेरिकेने पहिला हक्क बहुधा दिला, दुसरा क्वचित दिला, आणि संकटकाळी पहिलाही काढून घेतला, असे या विभागणीच्या आधारे म्हणता येते.

३. ‘स्थलांतरित’ या शब्दात न मावणारे

अमेरिका हे स्थलांतरितांचे राष्ट्र आहे हे विधान सत्य असले तरी अपुरे आहे. तेथील भाषिक प्रश्नाचा एक मोठा भाग अशा लोकांचा आहे की जे कोठूनही आले नाहीत, किंवा स्वेच्छेने आले नाहीत. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भाषा पहिल्या काही पिढ्यांतच नष्ट झाल्या. त्यांच्या बाबतीत भाषेची निवड हा शब्दच निरर्थक ठरतो.

मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे निवासी शाळा निघाली आणि तिच्या धर्तीवर पुढे अनेक निघाल्या. १८८७ मध्ये त्यांच्या शाळांतून केवळ इंग्रजीच शिकविली जावी असा आदेश संबंधित खात्याच्या आयुक्तांनी काढला. मातृभाषेत बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. दुसऱ्या महायुद्धात मात्र नाव्हाहो भाषेच्या आधारे रचलेल्या सांकेतिक संदेशांचा उपयोग अमेरिकेच्या नाविक दलाने पॅसिफिकमधील लढायांत केला. या भाषांचे रक्षण हे शासनाचे धोरण असल्याचे सांगणारा कायदा १९९० मध्ये झाला. तोपर्यंत त्यांपैकी अनेक भाषा केवळ वृद्धांच्या तोंडी उरल्या होत्या.

१८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मोठा प्रदेश अमेरिकेकडे आला. येथे माणसांनी सीमा ओलांडली नव्हती. सीमाच त्यांच्या डोक्यावरून पुढे सरकली होती. कॅलिफोर्नियाच्या १८४९ च्या राज्यघटनेने कायदे इंग्रजी व स्पॅनिश या दोन्ही भाषांत प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले. सोन्याच्या शोधात आलेल्यांमुळे लोकसंख्येचे चित्र पालटले आणि १८७९ च्या नव्या घटनेने ही तरतूद काढून टाकली. न्यू मेक्सिकोत स्पॅनिश भाषकांची संख्या अधिक होती, म्हणून तेथे निराळे घडले. १९१२ मध्ये घटक राज्य होताना त्याच्या घटनेने दोन्ही भाषांत कायदे छापण्याची आणि दोन्ही भाषा जाणणारे शिक्षक तयार करण्याची तरतूद केली.

हवाईत १८९६ च्या कायद्याने शाळांतून हवाईयन माध्यम हद्दपार झाले. १९७८ च्या घटनादुरुस्तीने तीच भाषा इंग्रजीबरोबर राजभाषा ठरली. पोर्टो रिको १८९८ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आले आणि तेथील लोकांना १९१७ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. तेथील व्यवहाराची भाषा मात्र स्पॅनिशच राहिली. हे लोक न्यूयॉर्कला येतात तेव्हा ते एका देशातून दुसऱ्या देशात येत नसतात. त्यांना परभाषक म्हणता येईल, परदेशी म्हणता येणार नाही. हा भेद पुढे मतदानाच्या हक्कासंबंधी निर्णायक ठरला.

४. शाळा, युद्ध आणि न्यायालय

एकोणिसाव्या शतकात सार्वजनिक शाळांतून द्वैभाषिक शिक्षण ही दुर्मिळ गोष्ट नव्हती. ओहायो राज्याने १८३९ मध्ये पालकांनी मागणी केल्यास जर्मन-इंग्रजी शाळांना परवानगी देणारा कायदा केला. सिनसिनाटी शहरात अशा शाळा अनेक दशके चालल्या. त्यांत शिकलेली मुले इंग्रजीत मागे पडली आणि राष्ट्राशी एकरूप झाली नाहीत असे कोणी म्हणू शकणार नाही.

शतकाच्या अखेरीस दक्षिण व पूर्व युरोपातून स्थलांतराचा मोठा ओघ सुरू झाला आणि हवा बदलली. १९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येण्याची अट घातली. वाचता-लिहिता येण्याची अट १९५० मध्ये आली. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर जर्मन ही शत्रूची भाषा झाली. १९१८ च्या मे महिन्यात आयोवा राज्याच्या गव्हर्नरांनी शाळा, सार्वजनिक ठिकाणे, आगगाड्या, प्रार्थनासभा आणि दूरध्वनीवरील संभाषणे यांत इंग्रजीखेरीज अन्य भाषा वापरण्यास मनाई केली. भाषेच्या तिसऱ्या क्षेत्राच्या उंबरठ्यापर्यंत शासन येऊन पोचले होते. १९१५ च्या सुमारास माध्यमिक शाळांतील जवळजवळ एक-चतुर्थांश विद्यार्थी जर्मन शिकत. १९२२ पर्यंत हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आले.

नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये आठवी उत्तीर्ण होण्यापूर्वी कोणत्याही मुलाला परभाषा शिकविणे हा गुन्हा ठरविला. रॉबर्ट मायर या शिक्षकाने चर्चच्या शाळेत दहा वर्षांच्या एका मुलाला जर्मन वाचन शिकविले, म्हणून त्याला पंचवीस डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘मायर विरुद्ध नेब्रास्का’ या खटल्यात १९२३ मध्ये न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी हा कायदा रद्द केला. शिक्षकाचा व्यवसाय करण्याचा आणि पालकांचा मुलांच्या शिक्षणाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार घटनेने संरक्षित केलेल्या स्वातंत्र्यात येतो, असे न्यायालयाने मानले. मात्र शाळांतून इंग्रजी माध्यमाची सक्ती करण्याच्या राज्याच्या अधिकाराला त्याने हात लावला नाही. क्लॉस यांच्या परिभाषेत सांगावयाचे तर सहिष्णुतेचा हक्क परत मिळाला. संवर्धनाचा प्रश्न न्यायालयासमोर नव्हताच.

तोपर्यंत प्रत्यक्ष परिणाम होऊन गेला होता. शिक्षक पांगले होते आणि पालक धास्तावले होते. १९२४ च्या कायद्याने स्थलांतराचे दरवाजेच बरेचसे बंद केले आणि नव्या भाषकांचा ओघ आटला. भाषेवरील बंदी पुढे उठली तरी तुटलेली परंपरा आपोआप जोडली जात नाही, हे या प्रकरणावरून ध्यानात घ्यावयाचे.

५. समान शाळा, समान मत

१९५९ च्या क्यूबन क्रांतीनंतर मायामीत आलेल्या कुटुंबांमुळे द्वैभाषिक शिक्षण पुन्हा सुरू झाले. १९६३ मध्ये तेथील कोरल वे प्राथमिक शाळेत इंग्रजी व स्पॅनिश बोलणारी मुले एकत्र बसून दोन्ही भाषांत शिकू लागली. द्वैभाषिकता ही उणीव असलेल्या मुलांची सोय नसून सर्वांसाठी लाभ आहे, अशी तिची भूमिका होती. टेक्सासचे सिनेटर राल्फ यारबरो यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये द्वैभाषिक शिक्षणाचा जो संघीय कायदा झाला त्याची दृष्टी मात्र वेगळी होती. इंग्रजी कमी येणाऱ्या गरीब मुलांना मदत, असा त्याचा रोख होता. एकाच नावाखाली दोन कल्पना नांदू लागल्या. एका कल्पनेत मातृभाषा ही वर चढण्यापुरती शिडी होती, तर दुसरीत ती घराचा कायमचा मजला होती. पुढील तीस वर्षांच्या वादाचे मूळ या संदिग्धतेत आहे.

‘लाऊ विरुद्ध निकल्स’ हा १९७४ चा निर्णय याच काळातला. सॅन फ्रान्सिस्कोतील सुमारे १,८०० चिनी भाषक मुलांना वर्गात काय चालले आहे ते कळत नव्हते आणि त्यांना कोणतीही विशेष मदत मिळत नव्हती. सर्वांना तीच पुस्तके व तेच शिक्षक दिले म्हणजे समानता झाली, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. ज्याला शिकविण्याची भाषाच कळत नाही त्याला दिलेली शाळा ही केवळ इमारत असते, असे या निर्णयाचे तात्पर्य सांगता येईल. न्यायालयाने द्वैभाषिक शिक्षणच द्यावे असे मात्र सांगितले नाही. उपाय कोणता, हे शाळांवर सोपविले.

मतदानाच्या बाबतीत पोर्टो रिकोच्या लोकांनी वाट मोकळी केली. न्यूयॉर्क राज्यात मतदारासाठी इंग्रजी साक्षरतेची अट होती. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने, अमेरिकन ध्वजाखालील शाळेत अन्य भाषेतून सहावीपर्यंत शिकलेल्या नागरिकाला या अटीवरून मतदान नाकारता येणार नाही असे ठरविले. १९७५ च्या दुरुस्तीने ठरावीक प्रमाणाहून अधिक भाषिक अल्पसंख्य असलेल्या भागांत त्यांच्या भाषेतही मतपत्रिका देणे बंधनकारक केले. स्पॅनिश वारशाचे लोक, आशियाई अमेरिकन, मूळ रहिवासी आणि अलास्कातील मूळ लोक हे चार समूह या तरतुदीत येतात.

या तरतुदीचा भारतीयांशी आलेला संबंध उद्बोधक आहे. २०११ मध्ये न्यूयॉर्कमधील क्वीन्स, शिकागो परिसरातील कुक आणि लॉस एंजेलिस या तीन काउंटींत ‘आशियाई भारतीय’ हा समूह प्रथमच पात्र ठरला. परंतु ‘आशियाई भारतीय’ हे भाषेचे नाव नाही. मतपत्रिका छापावयाची तर भाषा निवडणे भाग होते. क्वीन्समध्ये बंगाली निवडली गेली, कुकमध्ये हिंदी. जनगणनेचा रकाना राष्ट्रीयत्वाचा आणि मतपत्रिका भाषेची, या विसंगतीतून कोणत्या भाषेला शासनाच्या दारात प्रवेश मिळतो हे ठरले. एक देश म्हणजे एक भाषा, हे युरोपीय गृहीतक कायद्याच्या रचनेत किती खोलवर रुजले आहे ते यावरून दिसते.

६. राजभाषेची चळवळ

१९६५ च्या कायद्याने स्थलांतराचे दरवाजे पुन्हा उघडले. आशिया व लॅटिन अमेरिकेतून लोक येऊ लागले आणि फ्रँकलिन यांची जुनी भीती नव्या रूपाने अवतरली. तिला संघटित रूप देण्यात एका भाषाभ्यासकाचा वाटा होता. एस. आय. हायाकावा यांचा जन्म १९०६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे जपानी स्थलांतरितांच्या घरी झाला. अर्थविचारावरील त्यांच्या पुस्तकामुळे ते विख्यात होते. कॅलिफोर्नियाचे सिनेटर असताना १९८१ मध्ये त्यांनी इंग्रजीला राजभाषा करणारी घटनादुरुस्ती मांडली आणि १९८३ मध्ये जॉन टँटन यांच्यासमवेत ‘यू. एस. इंग्लिश’ ही संस्था स्थापन केली. विविध देशांतून आलेल्या लोकांना एकत्र बांधणारा एकमेव धागा इंग्रजी आहे आणि तो जपला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

हे म्हणणे सहज उडवून लावण्याजोगे नाही. सामायिक भाषेवाचून सार्वजनिक चर्चा होत नाही आणि इंग्रजी न येणारा माणूस कमी मजुरीच्या कामात अडकून पडतो, हे खरे आहे. स्थलांतरितांतील अनेकांनी याच कारणासाठी राजभाषेच्या बाजूने मत दिले. प्रश्न असा की, सुचविलेल्या उपायाने हे साध्य होते काय? इंग्रजीला राजभाषा घोषित केल्याने एकाही प्रौढासाठी इंग्रजीचा एकही वर्ग सुरू होत नाही. घोषणेने बदलतात ते अर्जाचे नमुने, सूचनाफलक आणि दुभाष्यांवरील खर्च.

मायामीच्या डेड काउंटीने १९७३ मध्ये स्वतःला द्वैभाषिक घोषित केले होते. १९८० मध्ये क्यूबातून सुमारे सव्वा लाख निर्वासित आले. त्याच वर्षी मतदारांनी इंग्रजीखेरीज अन्य भाषेच्या वापरावर काउंटीचा पैसा खर्च करण्यास मनाई करणारा नियम संमत केला. तो १९९३ मध्ये रद्द झाला. कॅलिफोर्नियात १९८६ मध्ये ७३ टक्के मतदारांनी इंग्रजीला राजभाषेचा दर्जा दिला. अ‍ॅरिझोनातील १९८८ ची तरतूद अशीच, परंतु फार कडक होती. लोकप्रतिनिधी व कर्मचारी यांना नागरिकांशी त्यांच्या भाषेत बोलणेही ती अशक्य करते, म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ती रद्द केली. आज तीसहून अधिक राज्यांत इंग्रजी राजभाषा आहे. हवाई, अलास्का व दक्षिण डकोटा येथे मूळ रहिवाशांच्या भाषांनाही तो दर्जा मिळालेला आहे.

शाळांच्या बाबतीत लंबक दोन्ही टोकांना गेला. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ६१ टक्के मतांनी द्वैभाषिक वर्ग जवळजवळ बंद केले. २००२ मध्ये अमलात आलेल्या नव्या शिक्षणविषयक कायद्याने १९६८ च्या संघीय कायद्याची जागा घेतली आणि ‘द्वैभाषिक’ हा शब्द मागे पडला. २०१६ मध्ये त्याच कॅलिफोर्नियाने ७३ टक्क्यांहून अधिक मतांनी १९९८ चा निर्णय फिरविला. तीस वर्षांपूर्वी इंग्रजीला राजभाषा करणारे बहुमत आणि द्वैभाषिक शाळांना परत आणणारे बहुमत जवळजवळ सारखेच आहे. इंग्रजी हवीच आणि दुसरी भाषाही हवी, या दोन्ही इच्छा एकाच समाजात एकत्र राहू शकतात, असा याचा अर्थ लावता येईल.

प्रशासनाच्या पातळीवर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी २००० मध्ये काढलेल्या आदेशाने, इंग्रजी कमी येणाऱ्यांपर्यंत सेवा पोचविण्याची जबाबदारी संघीय खात्यांवर टाकली. इस्पितळांसारख्या संघीय अनुदान घेणाऱ्या संस्थांनाही त्यासंबंधी मार्गदर्शन मिळू लागले. २०२५ च्या आदेशाने हा आदेश रद्द केला. अन्य भाषांतील कागदपत्रे बंद करण्याची सक्ती त्याने केलेली नाही. निर्णय खात्यांच्या प्रमुखांवर सोडला आहे. द्वैभाषिक मतपत्रिकांची तरतूद कायद्यातच असल्याने ती अशा आदेशाने जात नाही. म्हणजे जे हक्क कायद्यात होते ते टिकले आणि जे प्रशासकीय मर्जीवर होते ते पुन्हा मर्जीवर आले.

७. तीन पिढ्यांचा नियम

आता मूळ गृहीतकाकडे वळावे. इंग्रजीला धोका आहे काय? जनगणना विभागाच्या आकडेवारीनुसार पाच वर्षांवरील लोकसंख्येत घरी इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणारे १९८० मध्ये २ कोटी ३१ लाख होते. २०१९ मध्ये ते ६ कोटी ७८ लाख झाले. प्रमाण दहात एकावरून पाचांत एकावर आले. राजभाषेचे पुरस्कर्ते हा आकडा पुढे करतात. परंतु यांतील बहुसंख्य लोक आपल्याला इंग्रजी उत्तम येते असे सांगतात, ही त्याच आकडेवारीची दुसरी बाजू आहे. वाढ झाली ती द्वैभाषिकांची.

आइनार हाऊगेन यांचा अमेरिकेतील नॉर्वेजियन भाषेवरील १९५३ चा ग्रंथ आणि जोशुआ फिशमन यांचा भाषानिष्ठेवरील १९६६ चा ग्रंथ यांनी या प्रक्रियेचा पाया घातला. हाऊगेन यांचाही जन्म १९०६ चा आणि तोही स्थलांतरितांच्या घरी, आयोवा राज्यात. म्हणजे परभाषांवर बंदी आली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. या अभ्यासांतून दिसणारा क्रम असा : पहिली पिढी मातृभाषेत जगते आणि कामापुरती इंग्रजी शिकते. दुसरी पिढी दोन्ही भाषा जाणते, परंतु शिक्षण व व्यवसाय इंग्रजीत करते. तिसऱ्या पिढीच्या तोंडी बहुधा इंग्रजीच उरते. आजी आणि नात यांच्यामध्ये आईला दुभाषी व्हावे लागते. या प्रक्रियेला भाषापालट म्हणता येईल. नव्या स्थलांतरामुळे स्पॅनिश भाषकांची एकूण संख्या वाढती दिसते. कुटुंबाकुटुंबात मात्र पालट चालूच असतो. आमिश लोकांसारखे मोठ्या समाजापासून अलिप्त राहणारे समूह याला अपवाद आहेत.

येथे वॉलेस लँबर्ट यांनी केलेला भेद उपयुक्त ठरतो. नवी भाषा पहिलीत भर घालते तेव्हा द्वैभाषिकता भर घालणारी असते. नवी भाषा पहिलीची जागा घेते तेव्हा ती वजा करणारी असते. एलिझाबेथ पील यांच्यासमवेत लँबर्ट यांनी माँट्रियल येथे केलेल्या १९६२ च्या अभ्यासात दोन्ही भाषांवर सारखे प्रभुत्व असलेली मुले बुद्धिमापन चाचण्यांत एकभाषक मुलांहून सरस ठरली होती. त्या अभ्यासातील मुलांच्या निवडीविषयी पुढे आक्षेप घेतले गेले. तरी द्वैभाषिकतेने बुद्धी गोंधळते ही पूर्वीची समजूत त्यानंतर टिकू शकली नाही.

अमेरिकेतील धोरणाची विसंगती येथे स्पष्ट होते. स्थलांतरिताच्या मुलाची स्पॅनिश किंवा चिनी पहिली आठ-दहा वर्षे अडथळा समजली जाते आणि तीच भाषा विद्यापीठात खर्च करून नव्याने शिकविली जाते. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाने दोन भाषांत प्रावीण्य मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांना शालान्त प्रमाणपत्रावर विशेष मुद्रा देण्यास आरंभ केला आणि अन्य राज्यांनी तिचे अनुकरण केले. मुलाजवळ असलेली भाषा ही संपत्ती आहे, असे शासनाने मान्य करण्याचा हा एक प्रकार होय.

अमेरिकेतील मराठी कुटुंबे या नियमाबाहेर नाहीत. बृहन्महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९८१ मध्ये झाली आणि मंडळांच्या आश्रयाने सुटीच्या दिवशी मराठी शाळा चालतात. बहुतेक मराठी स्थलांतरित येतानाच इंग्रजी शिकून येतात, त्यामुळे शासनाची भाषा हा त्यांच्यापुढील प्रश्न नसतो. त्यांचा प्रश्न तिसऱ्या क्षेत्रातला, म्हणजे घरातला असतो. सुशिक्षित व सुस्थित समूहातही दुसऱ्या पिढीत मातृभाषा ऐकण्यापुरती उरते. भाषापालटाला दारिद्र्य किंवा सक्ती लागतेच असे नाही, असे यावरून म्हणता येते.

८. समारोप

महाराष्ट्रात १९६४ च्या अधिनियमाने मराठी राजभाषा झाली. तो कायदा बहुसंख्यांच्या भाषेला कारभारात प्रवेश मिळवून देण्यासाठी होता. कचेरीच्या इंग्रजीपुढे उभा राहणारा सामान्य माणूस त्याच्या डोळ्यांसमोर होता. अमेरिकेत राजभाषेची मागणी आधीच सर्व दारांतून आत गेलेल्या भाषेसाठी केली जाते आणि कचेरीत उभा राहणारा परभाषक माणूस तिच्यामुळे अधिक दूर जातो. संज्ञा एकच असली तरी तिचे कार्य परस्परविरुद्ध आहे. म्हणून राजभाषाविषयक कोणत्याही कायद्याचे मूल्यमापन करताना, तो कोणत्या भाषेचा गौरव करतो यापेक्षा त्याच्यामुळे कोणाला शासनाशी बोलता येऊ लागते आणि कोणाला येईनासे होते, हे आधी पाहिले पाहिजे. राज्यात नव्याने येणाऱ्या परभाषक मजुरांच्या मुलांचा विचार करताना मराठी अभ्यासकालाही हीच कसोटी लावावी लागेल.

अमेरिकेच्या इतिहासातून हाती येणारा निष्कर्ष मर्यादित, परंतु निश्चित आहे. आयोवातील आदेश असो की सिनसिनाटीतील शाळा, दोन्हीकडील मुलांची नातवंडे इंग्रजीच बोलू लागली. पहिल्या वाटेने जाणाऱ्यांनी भीतीपोटी आपली भाषा टाकली. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांना काही काळ दोन्ही भाषांत शिकता आले. वर्गात काही न समजता बसलेला मुलगा, न वाचता येणारी मतपत्रिका हातात घेतलेला नागरिक आणि डॉक्टरांचे म्हणणे आईला समजावून सांगणारी दहा वर्षांची मुलगी यांचे काय होते, एवढेच भाषाधोरणाच्या हातात असते. त्याची किंमत मात्र एका संपूर्ण पिढीला मोजावी लागते.